तिथीची पाऊणपट

आमच्या घरात बोट चुकणं ही काही लाजेची गोष्ट मानत नाहीत. उलट बोट वेळेवर गाठणाऱ्या माणसाकडे जरा संशयानंच बघतात. याला कारण आजोबा. आजोबा लालबागला गिरणीत कामाला आणि गाव अलिबागजवळ. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, ते गावी जायला म्हणून भाऊच्या धक्क्याकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की छत्री खोलीवरच राहिली. ते परत फिरले. छत्री घेऊन धक्क्यावर येईपर्यंत ‘रामदास’ बोट सुटली होती. रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकापाशी ती बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

ती छत्री आमच्या माळ्यावर अजून आहे. उघडत नाही, आणि उघडलीच तर मिटत नाही. पण दर दसऱ्याला तिला झेंडूचं फूल मिळतं.

आत्या तेव्हा दोन वर्षांची होती. तरी ती ही हकीकत अशी सांगते, की धक्क्यावर तिकिटं तीच फाडत होती असं वाटावं. हकीकत संपली की ती आम्हा सगळ्यांकडे एकदा बघून घेते आणि म्हणते, “धावत सुटले असते तर आज तुम्ही कुणी नसतात.” त्यामुळे आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त, शाळेची घंटा, गॅसवाल्याची वेळ यांतलं काहीही चुकलं तरी कुणाला बोल लावायची सोय नाही. छत्री आडवी येते.

तर अशा या घराण्यानं एका दिवसात अलिबागला जाऊन यायचं ठरवलं.

सुरुवात धाकट्या मेहुण्यानं केली. त्यानं नवी गाडी घेतली होती. नव्या सुनेला जसं कुलदैवताला नेऊन आणतात, तसं नव्या गाडीला समुद्राला नेऊन आणावं लागतं. “भावोजी, रविवारी सकाळी निघायचं, मासे खायचे, रात्री घरी,” असं तो म्हणाला तेव्हा डिसेंबर होता. आम्ही निघालो तेव्हा मार्च उजाडला होता. मधले तीन महिने आम्ही जे केलं, त्याला नियोजन म्हणतात.

वास्तविक अलिबाग आमचं गावच. पण गावचं घर केव्हाच विकलं गेलं. आता त्या जागी कुणाचा तरी बंगला आहे आणि बंगल्यापुढे पोहण्याचा तलाव. पाणी बहुधा आमच्याच विहिरीचं असावं. आमच्याकडे गावचा म्हणून आता एकच वारसा उरला आहे. मुंबईत कुणाला खुळा म्हणायचं असलं की ‘अलिबागसे आया है क्या’ असं विचारतात, आणि आम्ही शांतपणे ‘हो’ म्हणतो. समोरच्याची जी पंचाईत होते ती पाहण्यासारखी असते. या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. न्यायालयानं ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. आमच्या घरी त्या दिवशी कुणी फारसं रागावलं नाही. आत्या तेवढी म्हणाली, “उशिरा गेले असतील कोर्टात.”

नियोजनासाठी भाचीनं ग्रुप काढला. पहिल्या दिवशी मतदान झालं. चौदा माणसांत सतरा मतं पडली. त्यातून दोन पक्ष निघाले, गाडीपक्ष आणि बोटपक्ष, आणि घरातली जुनी भांडणं जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

गाडीपक्षाचा पुढारी अर्थातच मेहुणा. त्याचं म्हणणं, आता जुने दिवस गेले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. शिवडीला चढायचं, जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून, आणि डोळा लागायच्या आत पलीकडे. टोल एका वेळचा अडीचशे. “अडीचशेत दोन पापलेटं पण येत नाहीत, भावोजी.” आत्याला हा पूल मनापासून पसंत होता. समुद्र ओलांडायचा, पण त्याच्या हातात सापडायचं नाही, हे तिच्या विचारसरणीत नेमकं बसत होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण पूल संपतो आणि मग रस्ता सुरू होतो. पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. ही नावं सलग म्हणून बघा, म्हणतानाही मधे ब्रेक लागतो. गोव्याला जाणारे आणि अलिबागला जाणारे वडखळपर्यंत एकाच रस्त्यानं येतात आणि तिथे एकमेकांचा निरोप घेतात. तो निरोप कधी कधी तासभर चालतो. मुंबई-गोवा महामार्गाचा हा पनवेलपासूनचा पट्टा रुंद करायचं काम २०११ साली हाती घेतलं, तेव्हा माझा पुतण्या बालवाडीत होता. खिडकीतून जेसीबी दिसला की टाळ्या पिटायचा. आता तो इंजिनिअरिंगला आहे. शाखा सिव्हिल. तो म्हणतो, “काका, माझी नोकरी पक्की आहे.”

शिवाय आमचं घराणं अंतर किलोमीटरनं मोजत नाही, थांब्यांनी मोजतं. कर्नाळ्याला पक्षी बघायला थांबायचं. पक्षी दिसत नाहीत, पण वडापाव मिळतो. पेणला पापड घ्यायला थांबायचं. पेणला आलोच आहोत तर गणपतीच्या कारखान्यात डोकवायचं. गणपतीला अजून सहा महिने अवकाश असतो, पण मूर्तिकार कच्च्या मूर्ती दाखवतो आणि सासूबाई प्रत्येकीसमोर हात जोडतात. त्यानंतर कुणाला तरी मळमळतं, म्हणून थांबायचं. मग सगळ्यांना चहा हवा असतो. थोडक्यात, मुंबईपासून अलिबाग रस्त्यानं शंभरेक किलोमीटर आहे, आणि आमच्यापासून साधारण नऊ थांबे.

बोटपक्षाचा पुढारी माझा चुलतभाऊ. तो संगणकवाला. त्यानं एक तक्ता केला होता. त्यात उभ्या रकान्यात माणसं, आडव्या रकान्यात वेळ, पैसे, उलटीची शक्यता. (माझ्या नावापुढे ‘मध्यम’ लिहिलं होतं. मला ते अजून लागून राहिलं आहे.) त्याच्या मते विचारी माणूस गेटवेवरून मांडव्याला बोटीनंच जातो. तासाभराचा प्रवास, आणि मांडव्याहून अलिबागपर्यंत बस त्याच तिकिटात. एका तिकिटात बोट आणि बस दोन्ही, हे ऐकून सासूबाई काही काळ त्याच्या पक्षात गेल्या होत्या. पावसाळ्यात ही बोट बंद असते, हे कळल्यावर त्या परत आल्या. “जी बोट पावसाला घाबरते, तिच्यात मी कशाला बसू?”

गेटवेची बोट मलाही आवडते. मागच्या बाजूला उभं राहिलं की थंडीच्या दिवसांत कुरव पक्षी थव्यानं पाठलाग करतात आणि लोक त्यांना गाठ्या, वेफर्स असलं काहीबाही भिरकावतात. हजारो मैलांवरून उडत आलेला पक्षी मुंबईच्या शेवेवर तुटून पडतो, हे बघून आपल्या खाद्यसंस्कृतीबद्दल अभिमान वाटतो आणि पक्ष्याबद्दल काळजी. पण गेटवेपर्यंत पोहोचायचं, तिकिटाच्या खिडकीशी उभं राहायचं, फोटो काढणाऱ्यांना चुकवायचं, म्हातारी माणसं हलत्या बोटीत चढवायची, या गोष्टी तक्त्यात नव्हत्या. राजा पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या भेटीची आठवण म्हणून ती कमान बांधली आणि १९२४ साली ती पुरी झाली. म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी. तेवढ्यापुरती ती इमारत मला आमच्याच घरातली वाटते. १९४८ साली ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीखालून गेली. त्यांना परतीचं तिकीट काढायचं नव्हतं, म्हणून सगळं वेळेवर उरकलं असावं.

आणि मांडवा! ‘अग्निपथ’ पाहिलेल्या आमच्या पिढीला त्या धक्क्यावर पाऊल ठेवताना आवाज आपोआप खर्जात जातो. बायको म्हणते, “नाव-गाव कुणी विचारत नाहीये, पिशव्या उचला.”

पंधरा-वीस दिवस दोन्ही पक्ष असे एकमेकांना भिडलेले असताना भाचीनं ग्रुपवर एक ओळ टाकली. “रो-रोनं का नाही जात? गाडीपण जाते, बोटपण.”

ग्रुपवर अर्धा तास कुणी बोललं नाही. मग दोन्ही पक्ष एकदम चिडले.

रो-रो म्हणजे भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी मोठी बोट. पोटात गाड्या घेते, माणसं वर बसवते, तासाभरात पलीकडे सोडते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, आणि लगोलग देश बंद झाला. मुहूर्त काढण्यात ती आमच्या घराण्याशी नातं सांगते, म्हणून मला पहिल्यापासून तिच्याबद्दल आपुलकी आहे. पण मेहुणा म्हणाला, “मी गाडी चालवायला घेतली आहे, बोटीत झोपवायला नाही.” चुलतभाऊ म्हणाला, “बोटीत बसून परत गाडीतच बसायचं, तर बोटीचा उपयोग काय?” गाडीचं वेगळं भाडं, माणसांचं वेगळं, असा हिशेब त्यानं तक्त्यात घातला, तर रकाना लाल झाला. मांडवली करणाऱ्याचं आपल्याकडे हेच होतं. दोन भावांत भिंत घालून दिली तर दोघेही भिंतवाल्यालाच शिव्या देतात.

शेवटी निकाल आत्यानं लावला. तिनं विचारलं, “ही बोट कुठून सुटते?”

“भाऊच्या धक्क्यावरून.”

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबांची राहिली होती ना बोट तिथली. जाऊ या.”

यावर काही बोलायची कुणाचीच प्राज्ञा नव्हती. वाहन ठरलं. आता फक्त दिवस ठरायचा होता.

दिवस ठरवणं हे मराठी घरात वाहन ठरवण्यापेक्षा अवघड, कारण अलिबागला जायचं ते मासे खायला. आणि मासे खायचे तर वार पाहावा लागतो. सोमवार बायकोचा. मंगळवार मेहुण्याचा, नवी गाडी गणपतीच्या कृपेनं आली म्हणून. गुरुवार चुलतभावाचा. तो एरवी कशावर विश्वास ठेवत नाही, पण गुरुवारवर ठेवतो. शनिवार सासूबाईंचा, मारुतीचा. बुधवार-शुक्रवार नोकरीचे. राहिला रविवार. तो तसा सगळ्यांनाच राहतो, म्हणून रविवारी सगळी मुंबई अलिबागला असते.

रविवारांतून पुतण्याच्या परीक्षा गेल्या, दोन लग्नं गेली, एक बारसं गेलं. एका रविवारी चतुर्थी आली. उरलेल्या रविवारांवर मी समुद्र घातला.

म्हणजे असं. मला कुलाबा किल्ल्यात जायचं होतं. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात तो उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला, आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला पाण्यानं वेढलेला असतो. लहानपणी आम्ही तो दहा वेळा नुसता पाहिला होता, कारण दरवेळी आम्ही पोहोचायचो तेव्हा भरती असायची. घराण्याची रीत समुद्रालाही कळली होती.

या खेपेला मी हट्ट धरला. चुलतभावानं भरतीओहोटीचं ॲप उतरवून घेतलं. त्यात आलेख होते, चंद्राचं चित्र होतं, मीटर आणि सेंटिमीटर होते, फक्त रविवारी किल्ल्यात कधी जायचं ते सांगितलेलं नव्हतं. मी सहज लालबागच्या बाजारात आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या मावशींना विचारलं. त्या बोंबील कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तिथी काय त्या दिवशी?”

“द्वादशी.”

“बाराची पाऊणपट किती?”

“नऊ.”

“नवाला भरती. सहा तासांनी सुकती. तीनला जा चालत. एवढा शिकलास आणि पाढा नाय येत?”

तिथीची पाऊणपट! पाऊणकी आम्हाला शाळेत मारून मुटकून पाठ करायला लावली होती, आणि तिचा उपयोग काय हा प्रश्न मला चाळीस वर्षं पडला होता. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास मागे पडतो, भरतीही तेवढीच मागे सरते, एवढं साधं ते गणित. घरी येऊन मी कालनिर्णय काढलं आणि भिंतीशी उभा राहून सगळे रविवार पाऊणपट केले. पौर्णिमा, अमावास्या कामाच्या नाहीत. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारी उधाण, आणि पाणी हटणार संध्याकाळी, आपण परत निघायच्या वेळेला. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी, हे कागदावर झकास. पण तेव्हा भांगाचे दिवस, पाणी पुरतं हटतच नाही, गुडघा गुडघा राहतं. म्हणजे एका दिवसात जाऊन येणाऱ्याला समुद्रानं एकादशी-द्वादशी तेवढी ठेवली आहे.

एकादशीला मासे नाहीत. ज्या दिवशी किल्ला उघडतो, त्या दिवशी सुरमई बंद. चंद्र, समुद्र आणि पंढरीनाथ यांनी मिळून केलेली ही व्यवस्था पाहून मी थक्क झालो. उरली द्वादशी. त्यावरही सासूबाईंची हरकत होती. “एकादशीचं पारणं काय सुरमईनं सोडू?” यावर दोन दिवस चर्चा होऊन असं ठरलं, की पारणं पहाटे घरीच वरणभातानं सोडायचं, म्हणजे दुपारचं जेवण हे नुसतं जेवण होईल. त्याला शास्त्राची हरकत नाही.

चुलतभावानं ॲपशी पडताळून पाहिलं. थोड्या मिनिटांचा फरक पडला. “बघ, मावशींचं चुकलं,” असं तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. त्या ॲपला तो महिन्याचे पैसे भरत होता.

तर मार्चमधल्या त्या द्वादशीला, पहाटे साडेपाचला सासूबाईंनी वरणभात खाल्ला आणि आम्ही निघालो.

भाऊच्या धक्क्याला उजाडताना पोहोचलात की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती कुणी बोलत नाही. तिथे रात्रभर मासळी उतरत असते. टोपल्या, बर्फ, लिलावाचा गलका, सुरमई, हलवा, बांगडा, काय म्हणाल ते. ताजे मासे खायला अलिबागला निघालेली मुंबई त्या ताज्या माशांना बाजूला सारून, नाकाला रुमाल लावून बोटीत चढते. मी हे बोलून दाखवलं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी रुमाल लावला.

एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांनी हा धक्का बांधला. त्यांना लोक भाऊ म्हणत, म्हणून भाऊचा धक्का. बांधणाऱ्याचं घरगुती नाव सरकारी नकाशावर चढलं, असं उदाहरण मुंबईत दुसरं चटकन आठवत नाही. बाकी सगळीकडे लाटसाहेब होते.

गाडी बोटीच्या पोटात घालताना मेहुण्याचा चेहरा मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता. वर बसल्यावरही तो दर दहा मिनिटांनी जिन्याकडे बघत होता. आत्या मात्र कठड्याशी जाऊन उभी राहिली. समुद्र अगदी शांत होता. बोट इतकी मोठी, की हलतेय की नाही ते काठाकडे बघूनच कळावं. मध्येच तिनं विचारलं, “काशाचा खडक कुठला रे?” मला दाखवता आला नाही. तिनं पिशवीतून एक झेंडूचं फूल काढलं, पाण्यात टाकलं, आणि लगेच म्हणाली, “चहा मिळतो का इथं?”

अलिबागबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथे आम्ही फारसं काही केलं नाही. नऊ थांब्यांची सवय असलेल्या माणसांना मांडव्याहून अलिबाग फार लवकर येतं. वेळ हाताशी राहिला तर तो कसा घालवावा हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून पुतण्यानं आम्हाला चुंबकीय वेधशाळेच्या फाटकापर्यंत नेलं आणि बाहेरूनच माहिती दिली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं मोजमाप बिघडणार म्हणून वेधशाळेनं १९०४ साली अलिबागला बस्तान हलवलं. इमारतही अशी बांधली की चुंबकाला त्रास होईल असं काही भिंतीत असू नये. मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबागला पळालेली पहिली मंडळी म्हणजे ही चुंबकं. बंगलेवाले मागाहून आले.

जेवण उत्तम झालं. खानावळीत रांग मोठी होती, पण सोलकढी आल्यावर कोण घड्याळ बघतो? सासूबाईंनी सुरमईचे दोन तुकडे घेतले आणि पारण्याच्या चर्चेचा विषय कायमचा मिटला.

आणि तीन वाजता, अगदी तीन वाजता, समुद्र बाजूला झाला. खरंच झाला. मी मासळीवाल्या मावशींना मनातल्या मनात नमस्कार घातला. ओल्या वाळूवरून, खडकांवरच्या शेवाळावरून घसरत आम्ही किल्ल्याच्या दारापर्यंत चालत गेलो. आत्या आणि सासूबाई घोडागाडीत. आत गणपतीचं देऊळ आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचं तळं आणि विहीर. मेहुणा तटावर उभा राहून वाहनतळावरची आपली गाडी दिसते का ते पाहत होता. मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा त्या किल्ल्याच्या आतून अलिबाग पाहिलं. लहानपणापासून उलटंच पाहत आलो होतो. चार वाजून गेले तरी मला निघवेना. चुलतभाऊ मोबाइल पुढे धरून म्हणाला, “पाणी वाढतंय.” एवढं एक त्याच्या ॲपनं बरोबर सांगितलं.

परतीची बोट संध्याकाळची होती. आम्ही वेळेत निघालो होतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण घरी कुणी विश्वास ठेवत नाही. मांडवा अगदी दोन-तीन किलोमीटरवर आलं असताना बायको म्हणाली, “कांदे?”

अलिबागचा पांढरा कांदा. भौगोलिक मानांकन मिळालेला, गोडसर, वेणी घालून माळेनं विकतात तो. आम्ही चार माळा घेतल्या होत्या आणि खानावळीत खुर्चीच्या पाठीला अडकवल्या होत्या. त्या तिथेच होत्या.

गाडीत शांतता पसरली. मेहुण्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे, बायकोनं आत्याकडे. आत्या खिडकीबाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, “छत्रीसाठी बाबा परत फिरले होते. इथे तर चार माळा आहेत.”

गाडी वळली. कांदे मिळाले. खानावळीच्या मालकानं ते जपून आत ठेवले होते, वर एक माळ स्वतःकडून दिली. आम्ही मांडव्याला पोहोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं, आणि आमची बोट धक्क्यापासून वीस-पंचवीस हात पुढे गेली होती. पुढच्या फेरीत गाड्यांना जागा नव्हती. फाटकावरचा माणूस चांगला होता. त्यानं गाडीत डोकावून कांद्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “कसे दिले?”

मग काय, रस्ता. कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ. वडखळला गोव्याहून परतणारे भेटले. तिथे पाऊण तास. पेणला पापड घेतले, कारण दुकान उघडं होतं. पुढे पुतण्याला मळमळलं. तक्त्यात त्याच्या नावापुढे ‘शून्य’ होतं, आणि ‘मध्यम’ असलेला मी दोन कणसं खाऊन ठणठणीत होतो, याची नोंद चुलतभावानं घ्यावी. कर्नाळ्याला काळोखात पक्षी बघायला थांबलो नाही, वडापावला थांबलो. मेहुणा पहिल्यांदाच दिवसभरात खूश दिसत होता. त्याला शेवटी गाडी चालवायला मिळाली होती. आत्या पुढच्या सीटवर कांद्याच्या माळा मांडीवर घेऊन निवांत झोपली होती. अटल सेतूवर मेहुण्यानं तिला उठवलं, “आत्या, बघा, समुद्र.” तिनं एक डोळा उघडला, खाली काळंभोर पाणी पाहिलं, म्हणाली, “असाच बरा दिसतो,” आणि परत झोपली. घरी पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. द्वादशी उलटून त्रयोदशी लागली असावी. तेराची पाऊणपट पावणेदहा.

आता मुरूड-जंजिऱ्याचं घाटतंय. कालनिर्णय भिंतीवरून काढून मी टेबलावर घेतलं आहे. चुलतभावानं नवा तक्ता करायला नकार दिल्यामुळे मागच्या सीटवर एक जागा रिकामी आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार न पाळणारा, पाऊणकी येत असलेला आणि कुठेही पोहोचायची घाई नसलेला कुणी असेल तर कळवा. छत्री स्वतःची आणावी.